जाहिरातदारांवरील ग्राहक बहिष्कार

जाहिरातदारांवरील ग्राहक बहिष्कार म्हणजे दूरचित्रवाणीवरील एखादा कार्यक्रम आक्षेपार्ह वाटल्यास त्या कार्यक्रमाला जाहिराती देणाऱ्या कंपन्यांची उत्पादने विकत न घेण्याचा प्रेक्षकांनी संघटितपणे केलेला निर्धार होय. यात रोष कार्यक्रमावर असतो, दडपण मात्र जाहिरातदारावर आणले जाते. वाहिनीचे मोठे उत्पन्न जाहिरातींतून येत असल्याने जाहिरातदार मागे हटला की वाहिनीला कार्यक्रमाचा फेरविचार करावा लागेल, अशी या मार्गामागील अपेक्षा असते.

या पद्धतीचा वापर अमेरिका आणि ब्रिटन या देशांत अनेक वर्षांपासून होत आला आहे. भारतात आक्षेपार्ह कार्यक्रमांविरुद्ध शासन, न्यायालय किंवा नियामक मंडळ यांच्याकडे दाद मागण्याची प्रथा अधिक रूढ आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याची बजाज ऑटो आणि मुंबईची पार्ले प्रॉडक्ट्स या दोन कंपन्यांनी काही वृत्तवाहिन्यांना जाहिराती न देण्याची भूमिका जाहीर केली, तेव्हा हा विषय सार्वजनिक चर्चेत आला.

## संज्ञा

इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडमधील मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्या आडनावावरून आला. इ.स. १८८० मध्ये तेथील कुळांनी व मजुरांनी त्याच्याशी सर्व व्यवहार बंद केले होते.

मराठीत 'बहिष्कार' या शब्दाला दोन भिन्न परंपरा आहेत. पहिली राजकीय. इ.स. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनी परदेशी मालावरील बहिष्काराचा पुरस्कार केला आणि ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विनायक दामोदर सावरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विदेशी कपड्यांची होळी केली. पुढील वर्षी राष्ट्रीय सभेच्या कलकत्ता अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री पुढे आली. दुसरी परंपरा सामाजिक आहे. माणसाला वाळीत टाकणे, त्याचे पाणी तोडणे, त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार बंद करणे यांनाही बहिष्कारच म्हटले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे 'बहिष्कृत भारत' हे नाव याच अर्थाकडे निर्देश करते.

पहिल्या परंपरेत दुबळा सबळाविरुद्ध बहिष्काराचा वापर करतो. दुसऱ्या परंपरेत सबळ समूह दुबळ्याविरुद्ध. ग्राहक बहिष्काराचे समर्थक त्याला पहिल्या परंपरेत बसवतात, तर टीकाकार तो दुसऱ्या परंपरेकडे घसरू शकतो याकडे लक्ष वेधतात.

## आर्थिक आधार

भारतीय दूरचित्रवाणीवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती दिसू लागल्या. इ.स. १९८४ मधील 'हम लोग' या मालिकेपासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले आणि इ.स. १९९२ नंतर खासगी उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाने जाहिरात हा वाहिन्यांचा मुख्य आधार बनला. 'अल्फा टीव्ही मराठी' (पुढील काळातील 'झी मराठी') ही वाहिनी इ.स. १९९९ मध्ये सुरू झाली.

जाहिरातींच्या वेळेचा दर सामान्यतः दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरतो. केबल टेलिव्हिजन नियमांनुसार एका तासात जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवण्याची मुभा आहे. त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी जाहिरातींसाठी आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी आहेत. म्हणजे एका तासात दहा सेकंदांच्या ६० व्यापारी जाहिराती बसू शकतात. त्यांचा दर प्रेक्षकसंख्येवर अवलंबून असतो. ही संख्या मोजण्याचे काम ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल (बार्क) ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांच्या साहाय्याने करते. इ.स. २०२० च्या सुमारास देशभरात अशी सुमारे ४४ हजार घरे होती.

या व्यवस्थेत प्रेक्षक हा वाहिनीचा थेट ग्राहक असतोच असे नाही. वाहिनी प्रेक्षकांचे लक्ष जाहिरातदाराला विकते आणि जाहिरातीचा खर्च साबण, बिस्किटे किंवा दुचाकी यांच्या किमतीतून अखेरीस प्रेक्षकच भरतो. बार्कच्या यंत्राबाहेरील कोट्यवधी घरांनी वाहिनी बदलली, तरी त्याची नोंद थेट होत नाही. दुकानात केलेली किंवा टाळलेली खरेदी मात्र कंपनीच्या हिशेबात उतरते. प्रेक्षकाचा वाहिनीवरील प्रभाव अप्रत्यक्ष, तर जाहिरातदारावरील प्रभाव प्रत्यक्ष असतो, हा या बहिष्काराचा आधार आहे.

## कार्यपद्धती

अशा मोहिमांचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात:

* आक्षेपार्ह वाटलेल्या कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ आणि नेमका आक्षेपाचा भाग यांची नोंद करणे.
* त्या कार्यक्रमाच्या वेळी दाखवलेल्या जाहिरातींची व प्रायोजकांची यादी करणे.
* कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाला किंवा व्यवस्थापनाला पत्र लिहून भूमिका विचारणे.
* समाधानकारक उत्तर न मिळाल्यास यादी प्रसिद्ध करून खरेदी न करण्याचे आवाहन करणे.
* जाहिरात मागे घेणाऱ्या कंपनीचे जाहीर कौतुक करणे व तिच्या उत्पादनांना पसंती देणे.

पहिल्या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. जाहिरातींची वेळ बहुधा माध्यमसंस्थांमार्फत घाऊक प्रमाणात विकत घेतली जाते. त्यामुळे आपली जाहिरात नेमक्या कोणत्या चर्चेच्या मध्ये दिसली, हे कंपनीला माहीत असेलच असे नाही. कार्यक्रमाचा 'प्रायोजक' आणि त्या वेळेत केवळ एक जाहिरात दिसलेली कंपनी यांत फरक करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

## महाराष्ट्रातील घटनाक्रम (२०२०)

### पार्श्वभूमी

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेची पार्श्वभूमी त्यामागे होती. या घटनेवरील दूरचित्रवाणी चर्चांमधील विधानांवरून 'रिपब्लिक' वाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्ध अनेक ठिकाणी तक्रारी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२० रोजी त्यांपैकी नागपूरहून मुंबईला वर्ग झालेली तक्रार वगळता त्याच प्रक्षेपणाबाबतच्या इतर तक्रारी रद्द केल्या. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याची गोस्वामी यांची विनंती मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी गोस्वामी यांच्याविरुद्धच्या तपासाला स्थगिती दिली.

१४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मुंबईत मृत्यू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत अनेक वृत्तवाहिन्यांनी या प्रकरणाचे जे वृत्तांकन केले, त्याला 'माध्यमांनी चालवलेला खटला' असे म्हटले गेले. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या.

### टीआरपी प्रकरण आणि जाहिरातदारांची भूमिका

८ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी पत्रकार परिषद घेऊन प्रेक्षकसंख्येचे आकडे (टीआरपी) पैसे देऊन वाढवले जात असल्याचा आरोप केला. त्यांनी 'रिपब्लिक टीव्ही', 'फक्त मराठी' आणि 'बॉक्स सिनेमा' या वाहिन्यांची नावे घेतली. 'रिपब्लिक'ने हे आरोप फेटाळले. १५ ऑक्टोबर रोजी बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध करणे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे मार्च २०२४ मध्ये मुंबईतील न्यायालयाने राज्य शासनाला हा खटला मागे घेण्याची अनुमती दिली.

पोलिसांच्या पत्रकार परिषदेच्या सुमारासच बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, कंपनीने जाहिरातींसाठी तीन वाहिन्या काळ्या यादीत टाकल्याचे सांगितले. समाजात विष व द्वेष पसरवणाऱ्या गोष्टींशी आपल्या नाममुद्रेचा संबंध असू नये, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर काही दिवसांतच पार्ले प्रॉडक्ट्सचे वरिष्ठ अधिकारी कृष्णराव बुद्ध यांनी, आक्रमक व विषारी आशय दाखवणाऱ्या वृत्तवाहिन्यांना जाहिराती देणार नसल्याचे स्पष्ट केले. इतर जाहिरातदारांनी एकत्र येऊन आपल्या खर्चाला आवर घालावा, म्हणजे वाहिन्यांना आशय बदलण्याचा स्पष्ट संदेश मिळेल, अशी कल्पनाही त्यांनी मांडली.

या निर्णयांना प्रसिद्धी मिळण्यास कंपन्यांचे स्वरूपही कारणीभूत होते. इ.स. १९२९ मध्ये विलेपार्ले येथे सुरू झालेल्या पार्लेचे 'पार्ले-जी' बिस्किट देशभर स्वस्त व सर्वपरिचित आहे. आकुर्डीच्या बजाजची दुचाकी अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचे पहिले वाहन होती. समाजमाध्यमांवर अनेकांनी या कंपन्यांची उत्पादने आवर्जून घेण्याचे आवाहन केले.

काटेकोर अर्थाने हा ग्राहक बहिष्कार नव्हता. ग्राहकांनी खरेदी थांबवण्यापूर्वीच जाहिरातदारांनी स्वतःहून पाऊल उचलले होते. मात्र वाहिनीच्या आशयाची काही जबाबदारी तिला पैसे पुरवणाऱ्यावरही येते, हे बहिष्काराचे मूळ गृहीतक दोन मोठ्या कंपन्यांनी त्यातून मान्य केले.

### त्याच महिन्यातील दोन वेगळी उदाहरणे

ऑक्टोबर २०२० मध्येच टाटा समूहाच्या 'तनिष्क' या दागिन्यांच्या नाममुद्रेने मुस्लिम कुटुंबात हिंदू सुनेचे डोहाळजेवण साजरे होत असल्याचे दाखवणारी जाहिरात प्रसिद्ध केली. तिच्याविरुद्ध समाजमाध्यमांवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली आणि काही दिवसांतच ती मागे घेण्यात आली. कर्मचारी व भागीदार यांची सुरक्षितता हे कंपनीने दिलेल्या कारणांपैकी एक होते. येथे आक्षेप कार्यक्रमावर नसून जाहिरातीवरच होता. एकाच पंधरवड्यात द्वेषाविरुद्ध आणि सलोख्याच्या चित्रणाविरुद्ध एकच साधन वापरले गेले, म्हणून ही दोन उदाहरणे अनेकदा शेजारी ठेवून पाहिली जातात.

त्या महिन्याच्या अखेरीस 'बिग बॉस' या हिंदी कार्यक्रमातील एका स्पर्धकाने मराठी बोलण्यावर घेतलेल्या आक्षेपामुळे महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला. महाराष्ट्र नवनिर्माण सेना आणि शिवसेना यांच्या नेत्यांनी चित्रीकरण बंद पाडण्याचे इशारे दिल्यावर 'कलर्स' वाहिनीने २८ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर माफी मागितली. येथे वाहिनी झुकली, परंतु ती खरेदी नाकारण्यामुळे नव्हे, तर राजकीय पक्षांच्या इशाऱ्यामुळे. स्वेच्छेने खरेदी न करणे आणि बळाच्या धाकाने कार्यक्रम थांबवणे हे दोन भिन्न मार्ग आहेत.

### न्यायालयीन निर्णय

१८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने निलेश नवलखा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. माध्यमांनी चालवलेल्या खटल्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे न्यायालयाने नमूद केले. 'रिपब्लिक टीव्ही' आणि 'टाइम्स नाऊ' यांचे काही वृत्तांकन सकृद्दर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे निरीक्षणही नोंदवले. मात्र कारवाई केली नाही. आत्महत्येसारख्या प्रकरणांच्या वृत्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली.

## भारतातील इतर तक्रारमार्ग

* इ.स. २०१० मध्ये 'बिग बॉस' हा कार्यक्रम रात्री उशिरा दाखवण्याचा आदेश माहिती व प्रसारण मंत्रालयाने दिला. त्याला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.
* इ.स. २०१७ मध्ये सोनी वाहिनीवरील 'पहरेदार पिया की' या मालिकेत लहान मुलाचा विवाह तरुणीशी झाल्याचे दाखवल्याबद्दल ऑनलाइन याचिका झाली. ती जाहिरातदारांऐवजी माहिती व प्रसारण मंत्र्यांना उद्देशून होती. आशयविषयक तक्रार मंडळाने मालिकेची वेळ बदलण्यास सांगितले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मालिका बंद झाली.

मनोरंजन वाहिन्यांसाठी आशयविषयक तक्रार मंडळ इ.स. २०११ मध्ये, तर वृत्तवाहिन्यांसाठी स्वनियमन प्राधिकरण इ.स. २००८ मध्ये स्थापन झाले. जाहिरातींच्या आशयासाठी इ.स. १९८५ मध्ये मुंबईत भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन झाली. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती करून वाहिनी, स्वनियमन संस्था आणि शासन अशी त्रिस्तरीय तक्रारव्यवस्था लागू केली.

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीने संघटित खरेदीच्या सामर्थ्याचा वेगळा वापर केला. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेली ग्राहक पंचायत आणि इ.स. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहक हा एकटा असहाय असला तरी संघटित झाल्यास बाजाराशी बोलू शकतो, हा विचार रुजवला. कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदी करणे हा मुंबई ग्राहक पंचायतीचा प्रमुख उपक्रम आहे.

## इतर देशांतील उदाहरणे

### अमेरिका

इ.स. १९८१ मध्ये पाद्री डोनाल्ड वाइल्डमन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संघटनांच्या आघाडीने, लैंगिकता व हिंसा दाखवणाऱ्या कार्यक्रमांच्या जाहिरातदारांवर बहिष्कार टाकण्याचा इशारा दिला. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या अध्यक्षांनी आपण ५० कार्यक्रमांतून जाहिराती मागे घेतल्याचे सांगितल्यावर नियोजित बहिष्कार रद्द झाला.

इ.स. १९८९ मध्ये मिशिगन राज्यातील गृहिणी टेरी राकोल्टा यांनी 'मॅरिड विथ चिल्ड्रन' या विनोदी मालिकेच्या जाहिरातदारांना पत्रे लिहिली. काही मोठ्या कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्या, परंतु वादाच्या प्रसिद्धीमुळे मालिकेचा प्रेक्षकवर्ग उलट वाढला आणि ती इ.स. १९९७ पर्यंत चालली.

इ.स. २०१७ मध्ये फॉक्स न्यूज वाहिनीचे सूत्रसंचालक बिल ओरायली यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी मिटवण्यासाठी पैसे दिले गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. पन्नासहून अधिक जाहिरातदारांनी कार्यक्रम सोडला आणि तीन आठवड्यांच्या आत वाहिनीने त्यांना दूर केले.

### ब्रिटन

जानेवारी २००७ मध्ये चॅनल ४ वरील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' या कार्यक्रमात भारतीय अभिनेत्री शिल्पा शेट्टी यांना सहस्पर्धकांकडून वर्णद्वेषी वागणूक मिळाल्याच्या ४४ हजारांहून अधिक तक्रारी ऑफकॉम या नियामकाकडे गेल्या. मुख्य प्रायोजक कारफोन वेअरहाउसने १८ जानेवारी रोजी प्रायोजकत्व स्थगित केले. कार्यक्रम चालूच राहिला व शिल्पा शेट्टी विजयी ठरल्या. पुढे ऑफकॉमने वाहिनीने प्रसारणसंहितेचा भंग केल्याचा निर्णय दिला.

## कायदेशीर बाजू

एखादी वस्तू विकत घ्यावी की नाही, हे ठरवण्यास ग्राहक मोकळा आहे. इतरांना शांततेने तसे आवाहन करणे हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानता येतो. त्यावर कलम १९(२) मधील वाजवी निर्बंध लागू होतात. खोटी व बदनामीकारक माहिती पसरवणे, दुकानदाराला धमकावणे किंवा मालाची नासधूस करणे यांना मात्र हे संरक्षण नाही. व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९५ मध्ये टाटा प्रेस प्रकरणात मान्य केले.

महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६ हा कायदा जात पंचायतींसारख्या समूहांनी आपल्या समाजातील व्यक्तींना वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. कंपनीच्या उत्पादनावरील ग्राहक बहिष्कार हा त्याचा विषय नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९८२ मध्ये क्लेबोर्न हार्डवेअर प्रकरणात अहिंसक राजकीय बहिष्काराला घटनात्मक संरक्षण असल्याचा निर्णय दिला. जाहिरातदारांनी आपापसांत संगनमत करून माध्यमाची कोंडी करणे हा स्पर्धाविषयक कायद्याचा वेगळा प्रश्न आहे. जागतिक जाहिरातदार महासंघाच्या पुढाकाराने इ.स. २०१९ मध्ये स्थापन झालेला जबाबदार माध्यमांसाठीचा उपक्रम, एक्स (पूर्वीचे ट्विटर) या कंपनीने दाखल केलेल्या अशाच दाव्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आला.

## परिणामकारकता

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी इ.स. १९७० मध्ये असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले: निघून जाणे आणि आवाज उठवणे. बहिष्कारात हे दोन्ही एकत्र येतात. अमेरिकी अभ्यासक ब्रेडन किंग यांच्या संशोधनानुसार कंपन्या झुकतात त्या प्रामुख्याने विक्रीतील घटीमुळे नव्हे, तर प्रसारमाध्यमांतील चर्चेने प्रतिष्ठेला पोहोचणाऱ्या धोक्यामुळे. त्यामुळे प्रतिष्ठा मोठी आणि पर्यायी उत्पादने सहज उपलब्ध असतील, तेथे बहिष्कार लवकर परिणाम करतो.

भारतात या मार्गाला काही मर्यादा आहेत. एकाच कंपनीच्या साबणापासून चहापर्यंत अनेक नाममुद्रा असल्याने सामान्य ग्राहकाला त्या ओळखणे कठीण जाते. वाहिन्यांना शासकीय जाहिराती आणि वर्गणी यांतूनही उत्पन्न मिळते. एक जाहिरातदार गेला की रिकामी वेळ कमी दरात दुसरा घेऊ शकतो. शिवाय वाण्याकडून रोजच्या गरजेपुरती छोटी पाकिटे घेणाऱ्या कुटुंबाला निवडीचे स्वातंत्र्य मुळातच मर्यादित असते.

## समर्थन आणि टीका

समर्थकांच्या मते शासकीय बंदीपेक्षा हा मार्ग लोकशाहीला अधिक सुसंगत आहे. यात कार्यक्रमावर कायद्याने बंदी येत नाही. आपला पैसा त्यासाठी वापरला जाऊ नये, एवढीच ग्राहकाची मागणी असते. मंत्रालयाच्या हाती कात्री देण्यापेक्षा ग्राहकाने स्वतःची पिशवी रिकामी ठेवणे बरे, असा हा युक्तिवाद आहे.

टीकाकारांचे म्हणणे असे की, 'आक्षेपार्ह' काय हे ठरवण्याचा अधिकार यातून सर्वांत मोठा आवाज असलेल्या गटाकडे जातो. कंपन्या स्वभावतः वाद टाळतात. त्यामुळे द्वेष पसरवणाऱ्या चर्चेबरोबरच अन्यायाला वाचा फोडणारा कार्यक्रमही 'वादग्रस्त' ठरून जाहिरातींना मुकू शकतो. वाहिनीवर काय दाखवावे, हे जाहिरातदाराने ठरवावे अशी सवय लागल्यास उद्या तोच जाहिरातदार स्वतःविरुद्धची बातमीही थांबवू शकेल. आक्षेपाचा भाग नेमकेपणाने न सांगता केवळ नावांच्या याद्या फिरवल्यास निरपराध कंपनी, तिचे कामगार आणि वितरक यांचे नुकसान होण्याचा धोकाही दाखवून दिला जातो.

## हे सुद्धा पहा

* स्वदेशी चळवळ
* मुंबई ग्राहक पंचायत
* ग्राहक संरक्षण कायदा
* भारतीय जाहिरात मानक परिषद
* सामाजिक बहिष्कार